बॅरन आयलंडला जायचंय? आधी हे वाचा

अंदमानला जाणारे बहुतेक लोक सेल्युलर जेल आणि राधानगर बीच करून परत येतात, पण जमलं तर बॅरन आयलंड बघाच. पोर्ट ब्लेअरपासून समुद्रातून साधारण १३५-१४० किमी ईशान्येला, माणूस राहत नाही, आणि भारतातला हा एकमेव जागृत ज्वालामुखी. भारतीय प्लेट (पृथ्वीच्या कवचाचा प्रचंड तुकडा) शेजारच्या बर्मा प्लेटच्या खाली सरकतेय म्हणून तो तिथे आहे. बेट जेमतेम तीन किमी रुंद, उंची साडेतीनशे मीटरच्या आसपास, पण डोंगराचा पाया समुद्राच्या तळाशी दोन हजार मीटरपेक्षा खोल आहे, म्हणजे आपल्याला दिसतो तो फक्त शेंडा!

आम्ही रात्री बोटीने निघालो आणि उजाडताना पोचलो, तुम्हीही असंच करा, सकाळी समुद्र शांत असतो आणि धूर नीट दिसतो. बेटाच्या बाहेरच्या कड्याला पश्चिमेकडे मोठी फट आहे, आतला शंकू तिथून थेट दिसतो आणि लाव्हा त्याच वाटेने समुद्रापर्यंत आलाय. १७८७ मधल्या उद्रेकाची नोंद आहे, मग एकोणिसाव्या शतकातले काही उद्रेक सोडले तर दीडशेएक वर्षं शांत, आणि १९९१ ला अचानक पुन्हा जागा झाला, तेव्हापासून अधूनमधून चालूच आहे. बोट जवळ गेली की लाव्हाच्या कडा दिसतात, काळ्या, खरबरीत, धारदार ढेकळांचा नुसता ढीग, त्यावर हिरवं जवळजवळ काहीच नाही. आपला सह्याद्रीही लाव्हाचाच, पण साडेसहा कोटी वर्षं जुना आणि झिजलेला, इथे तेच काम नवंकोरं बघायला मिळतं. मला तरी धुरापेक्षा हेच जास्त आवडलं.

बोट वळसा घालून पलीकडे गेली की चित्रच बदलतं, जुन्या कड्यावर दाट झाडी आणि त्यातून पांढरी कबुतरं उडत होती, पंखांच्या कडा काळ्या, मोठी आणि जोरात उडणारी. बेटावर रानटी झालेल्या शेळ्याही आहेत, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कोणीतरी सोडलेल्या, आणि अशा ठिकाणी त्या इतकी वर्षं टिकल्या हे मला अजूनही भारी वाटतं. पाण्याखाली काळी वाळू, डायव्हर्सना मांटा रे (पंख पसरल्यासारखे मोठे चपटे मासे) दिसतात.

आता कामाचं. बेट अभयारण्य आहे, उतरायला परवानगी नाही, बोटीतूनच बघायचं. जानेवारी ते एप्रिल बेस्ट, पावसाळ्यात नादच करू नका. उलटीची गोळी बोट सुटायच्या आधी घ्या, नंतर उपयोग नाही. दुर्बीण हवीच. मोबाईलला रेंज नाही. लाल लाव्हा दिसेल या आशेवर जाऊ नका, उद्रेक चालू असला आणि अंधार असला तरच तो दिसतो. बुकिंग करताना परवानगी कोण काढणार, बेटाला पूर्ण चक्कर मारणार का आणि हवामान बिघडलं तर पैसे परत मिळणार का, हे तिन्ही लेखी घ्या.