डब्यातला कुपा

मासा विकत घेण्याआधी आमच्याकडे त्याची उलटतपासणी होते. कल्ले उघडून लाल आहेत का बघायचं, डोळे खोल गेलेत का बघायचं, पोटावर बोट दाबायचं, आणि एवढं करून ‘कालचो दिसता’ म्हणत पुढच्या टोपलीकडे वळायचं. मालवणच्या बाजारात हे ज्याला जमत नाही त्याने सरळ भाजी खावी. त्यामुळे मी जर्मनीत श्टुटगार्टला राहून फळीवर टुनाचे डबे रचून ठेवते, हे कळल्यावर आईने फोनवर एकच विचारलं, “त्या माशाक डोळे खंय आसत?”

प्रश्न रास्त आहे. डोळे नाहीत, कल्ले नाहीत, शेपूटही नाही. कडी ओढली की आत गुलाबीसर करड्या रंगाच्या वड्या. पण हा मासा परका म्हणावा तर तसाही नाही. टुना म्हणजे आपला कुपा. कोकण किनाऱ्यावर तो येतो, विकलाही जातो, फक्त त्याला मान नाही. मांस गडद लाल, आणि उन्हात जरा जास्त वेळ राहिला की त्यात हिस्टामिन तयार होतं. मग खाणाऱ्याचं तोंड लाल होतं, अंग खाजतं, आणि कितीही उकळलं तरी ते हिस्टामिन जात नाही. एवढ्यावरून कुप्याचं नाव खराब झालं. खरं तर सुरमई, बांगडा आणि कुपा एकाच कुळातले. त्यातल्या सुरमईला पाहुणा आल्यावर ताटात जागा, बांगडा रोजचा, आणि कुपा आणलाच तर कुणाला न सांगता शिजवायचा.

त्याचं नशीब उघडलं ते कॅलिफोर्नियात. १९०३ साली सान पेद्रोच्या एका डबाबंद माशांच्या कारखान्याला तारलीच्या जातीचे मासे मिळेनासे झाले. रिकाम्या डब्यांचं करायचं काय, म्हणून आल्बाकोर जातीचा टुना वाफवून भरून बघितला. तो पांढरा पडला आणि चवीला कोंबडीसारखा लागला. मासे न खाणारी अमेरिका मग मासा समजून नव्हे, कोंबडीची धाकटी बहीण समजून टुना खाऊ लागली. आपल्याकडेही डबे भरले जातात हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावर १९६९पासून टुनाचा कारखाना आहे. तिथले मच्छीमार जिवंत बारीक मासळी पाण्यात फेकतात, वर पाण्याचे फवारे मारून समुद्र खवळल्याचा देखावा करतात, आणि काठीला लावलेल्या गळाने एकेक टुना होडीत उडवतात.

स्वयंपाकापुरतं पाहायचं तर कारखान्यातली एकच गोष्ट डोक्यात ठेवावी लागते. मासा आधी अख्खा वाफवतात, कातडी-काटे आणि काळं मांस काढतात, मग मीठ आणि तेल किंवा पाणी घालून डबा बंद करतात आणि तो बंद डबा पुन्हा वाफेच्या दाबाखाली साधारण ११५ ते १२० अंशांवर शिजवतात. टिकतो तो त्या उष्णतेमुळे. म्हणजे आपल्या हातात येतो तेव्हा हा मासा दोनदा शिजलेला असतो. तिसऱ्यांदा शिजवला की त्याचा कापूस होतो. आपल्या हाताला मात्र सवय अशी की मासा म्हटला की मसाला लावून मुरत ठेव, झाकण ठेवून वाफ काढ. डब्याच्या बाबतीत हे उलटं करायचं: मसाला पूर्ण शिजवायचा, गॅस बंद करायला दोन मिनिटं उरली की मासा घालायचा.

म्हणून डब्यातल्या टुनाचं कालवण करू नये, हे माझं स्पष्ट मत. माशाच्या कालवणाला डोकं लागतं, काटा लागतो, रसात उतरणारी चरबी लागते. डब्यातल्या वड्या नारळाच्या रसात पडल्या की धागे धागे होऊन तळाशी बसतात, आणि वर उरतं ते मसाल्याचं गोड पाणी. तिरफळं घातली तरी ते सावरत नाही.

याची तुलना ताज्या माशाशी करण्यातच घोळ आहे. कोकणात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, आणि त्या दिवसांसाठी घरोघर सुकट, बोंबील, सोडे, सुका बांगडा भरून ठेवलेला असतो. तो काय ताजा म्हणून खातात? त्याच्या पाककृती वेगळ्या, त्याचं कौतुक वेगळं. टुनाचा डबा त्या पत्र्याच्या डब्यातल्या सुकटीच्या रांगेत बसवला की सगळं सुरळीत होतं. वर एक सोय अशी की बोंबील भाजला की इथल्या जिन्यात कुणीतरी खोकत वर येतं आणि दार वाजवतं. टुनाला आजवर कुणी आलेलं नाही.

सुकटीवरूनच मला त्याची सगळ्यात चांगली पाककृती सापडली: किसमूर. गोव्यात सुका जवळा किंवा सुका बांगडा भाजून, त्यात खोबरं, कांदा, तिखट आणि चिंच कालवून भाताबरोबर खातात. टुना पाण्यातला असेल तर तो हाताने घट्ट पिळायचा. चमच्याने दाबून भागत नाही, पाणी राहिलं की किसमूर लगद्यासारखं होतं. तव्यावर थेंबभर तेलात मासा सुटा आणि जरा लालसर होईपर्यंत परतायचा (दोन मिनिटांचा नियम इथे मोडायचा, कारण इथे कोरडेपणाच हवा आहे). बारीक कांद्याला मीठ लावून चुरडायचं, त्यात ओलं खोबरं, लाल तिखट, चिंचेचा कोळ किंवा सोलं, आणि अगदी जेवायला बसताना मासा. गंमत म्हणजे मालदीवमध्ये सकाळच्या न्याहारीला खातात ती मस हुनी जवळपास हीच. कांदा, मिरची, मीठ, लिंबू आधी चुरडून घेतात, मग टुना आणि खवलेला नारळ, आणि सोबत रोशी नावाची पातळ पोळी. डब्यातला टुनाही त्यात सर्रास चालतो. गोवा आणि मालदीव यांच्यामध्ये पाणीच पाणी, आणि दोन्हीकडे नारळ तोच.

दुसरं सुकं. दोन कांदे, ठेचलेली लसूण, कढीपत्ता, टोमॅटो पार आटेपर्यंत, मालवणी मसाला, आणि शेवटी मासा, कोथिंबीर, लिंबू. तेलातला डबा असेल तर फोडणी त्याच तेलाची. ते ओतून देणारी माणसं मला समजत नाहीत, अर्धी चव तिथेच असते. मीठ मात्र हात आखडून, कारण डब्यात ते आधीच पडलेलं असतं. हे सुकं पोळीत गुंडाळून दुसऱ्या दिवशी ऑफिसला नेता येतं.

कटलेटबद्दल फार सांगण्यासारखं नाही. उकडलेला बटाटा, टुना, आलं-मिरची, रवा लावून तव्यावर. कुणीही करावे, कुणाचेही चांगले होतात. पास्त्यात घालायचा असेल तर लसूण, टोमॅटो आणि भरपूर मिरी, आणि वर चीज किसायचं नाही. माशावर चीज इटालियन लोकांना खपत नाही, आणि या बाबतीत त्यांचं आमच्याशी जमतं. मेयोनेजवर मी काही बोलत नाही. घरात दुसरीही माणसं आहेत.

डबा घेताना मात्र जुनी सवय सुटत नाही. कल्ले उघडता येत नाहीत, म्हणून मी लेबल वाचत उभी राहते. जात बघते: स्किपजॅक लहान मासा, त्याच्यात पारा कमी, आल्बाकोर पांढरा आणि महाग, पण पारा जास्त, म्हणून मुलांना तो नेहमी देत नाही. निथळलेलं वजन बघते, नाहीतर पाण्याचेच पैसे जायचे. आणि बऱ्याच डब्यांवर मासा कुठल्या समुद्रातला त्याचा आकडाही असतो. जागतिक अन्न व कृषी संघटनेने समुद्राचे विभाग पाडलेत, त्यात ५१ म्हणजे पश्चिम हिंदी महासागर. सेशेल्सच्या व्हिक्टोरिया बंदरात टुनाचा मोठा कारखाना आहे, तिथून डबे युरोपभर जातात. त्याच ५१मध्ये आपला अरबी समुद्रही येतो. म्हणजे मालवणच्या बाजारात ज्याला नाक मुरडलं, त्याचाच कुणी नातेवाईक इथे फळीवर बसलेला असू शकतो, आणि त्याला मी युरो मोजून घरी आणते.

म्हणून ५१ दिसला की दोन डबे जास्त घेते. चवीत फरक पडतो असा माझा अजिबात दावा नाही, आणि शेजारी प्रशांत महासागरातला ७१ स्वस्त असला तर मुकाट्याने तोच उचलते.