तुम्ही विचारलंत म्हणून : तराजू खरा की काटा?

"भाऊ, जुना तराजूच बरा होता ना हो?" मी वजनकाटे दुरुस्त करतो हे कळलं की लोक हमखास हे विचारतात. नागपूरच्या इतवारीत विचारतात, कॉटन मार्केटात विचारतात, लग्नाच्या पंगतीतही विचारतात. पूर्वी दोन पारडी डोळ्यांसमोर वर-खाली व्हायची. आता नुसते लाल आकडे पळतात, आणि ते कुठून येतात ते कोणाला दिसत नाही. शंका रास्त आहे, म्हणून नीट उत्तर देतो.

तराजू तुलना करतो. एका पारड्यात किलोचं वजन, दुसऱ्यात वांगी. पृथ्वी दोन्हींना सारखीच ओढते, त्यामुळे तोच तराजू श्रीनगरला नेला तरी उत्तर बदलत नाही. इलेक्ट्रॉनिक काट्यात दुसरं पारडंच नसतं. ताटाखाली ॲल्युमिनियमची एक दांडी असते, तिला आम्ही लोडसेल म्हणतो. माल ठेवला की ती डोळ्यांना दिसणार नाही इतकी वाकते, तिच्यावर चिकटवलेल्या बारीक पट्ट्या ताणल्या जातात, त्यांचा विद्युतरोध बदलतो आणि त्यावरून आकडा निघतो. काटा मोजतो ती पृथ्वीची ओढ, दाखवतो मात्र ग्रॅम. शाळेत वस्तुमान आणि वजन वेगळे शिकवतात ते हेच, पण बाजारात त्याची आठवण कोण ठेवतो!

आणि ही ओढ सगळीकडे सारखी नसते. पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी आहे, शिवाय ती फिरते, त्यामुळे विषुववृत्ताकडे सरकावं तशी ओढ कमी होते. उंचीवर गेल्यावरही कमी होते. नागपूर दिल्लीच्या बरंच दक्षिणेला आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच. दिल्लीत अचूक लावलेला, म्हणजे आकडा बरोबर जुळवून घेतलेला काटा तसाच इथे आणून ठेवला, तर तो किलोमागे साधारण अर्धा ग्रॅम कमी दाखवेल. ध्रुवावर लावलेला असता तर जवळजवळ पाच ग्रॅम. भाजीच्या काट्यावर अर्धा ग्रॅम कळतही नाही. सराफ्यात कळतो. १०० ग्रॅम सोन्यामागे पन्नासेक मिलिग्रॅमचा फरक पडतो, आणि तिथले काटे मिलिग्रॅमपर्यंत मोजणारे असतात. म्हणून काटा जिथे वापरायचा तिथेच, प्रमाणित वजनं ठेवून लावायचा असतो. कारखान्यातून लावून आलाय, आता हात लावायची गरज नाही, असं कोणी म्हटलं तर ऐकू नका.

त्या प्रमाणित वजनांमागेही एक साखळी आहे, आणि मला तिचा फार आदर वाटतो. १८८९ पासून किलो म्हणजे पॅरिसजवळ सेव्हर इथे ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा एक दंडगोल होता. त्याची ५७ क्रमांकाची प्रत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. २० मे २०१९ पासून किलो त्या धातूच्या तुकड्यावर अवलंबून राहिला नाही, प्लांकच्या स्थिरांकावरून, म्हणजे निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या आकड्यावरून, ठरू लागला. पण दिल्लीतून राज्याकडे, राज्याकडून वजनकाटे तपासणाऱ्या सरकारी निरीक्षकाच्या पेटीतल्या वजनांकडे आणि तिथून दुकानातल्या काट्याकडे येणारी वाट तीच राहिली. ज्याला आपण पासिंग म्हणतो ते मुद्रांकन, म्हणजे काटा तपासून त्यावर सरकारी शिक्का मारणं, हा त्या वाटेवरचा शेवटचा टप्पा. इलेक्ट्रॉनिक काट्याचं ते दरवर्षी करावं लागतं, दांडीच्या तराजूचं आणि सुट्या वजनांचं दोन वर्षांनी.

आता नागपूरचा उन्हाळा. साध्या दुकानी काट्याच्या अचूकतेची हमी सहसा उणे १० ते ४० अंशांपर्यंतच असते. आपल्याकडे २३ मे २०१३ ला पारा ४७.९ वर गेला होता, आणि ४४-४५ तर बहुतेक मे महिन्यांत होतं. भर उन्हात हातगाडीवर ठेवलेला काटा त्या हमीच्या बाहेर काम करतो. विक्रेत्याला माझं एकच सांगणं असतं, काट्यावर सावली धर. आकडा सरकला तर तोटा त्याचाही होऊ शकतो.

म्हणून बरं काय, याचं माझं उत्तर असं : पासिंग झालेला, सपाट ठेवलेला इलेक्ट्रॉनिक काटा हातात धरलेल्या तराजूपेक्षा चांगला. तराजूची एक भुजा केसभर लांब केली की प्रत्येक किलोत मापात पाप होतं, आणि पारडी समान दिसतात म्हणून गिऱ्हाईक निश्चिंत असतं. ते पकडायचं असेल तर माल आणि वजन यांची पारडी बदलायला सांगा. दांडी झुकली तर भुजा सारख्या नाहीत. पारड्याखाली पासंग, म्हणजे एक बाजू जड करणारा तुकडा, चिकटवलेला नाही ना, तेही एकदा बघून घ्या.

काट्यावर मात्र आधी शून्य बघा. काट्याला पाणपातळीचा बुडबुडा असेल तर तो मधोमध हवा. पाटीवर किमान वजन लिहिलेलं असतं, ते वाचा. ३० किलोच्या, पाच-पाच ग्रॅमने पुढे जाणाऱ्या काट्यावर ते बहुधा १०० ग्रॅम असतं. त्यावर ५० ग्रॅम वेलची तोलून घेऊ नका, छोटा काटा मागा.

कळमन्याच्या घाऊक बाजारात संत्री घेऊन येणाऱ्यांना थोडं वेगळं सांगतो. भरलेली गाडी ज्या धरमकाट्यावर, म्हणजे अख्खी गाडी तोलणाऱ्या मोठ्या काट्यावर चढवलीत, रिकामी गाडीही त्याच काट्यावर, शक्य तर त्याच दिवशी चढवा. शून्य सरकलेलं असेल तर दोन्ही वेळा सारखंच सरकलेलं असतं आणि वजाबाकीत निघून जातं. दोन वेगळ्या काट्यांवरच्या पावत्या जोडल्या की दोघांच्या चुका तुमच्या मालाच्या वजनात शिरतात. ड्रायव्हर पहिल्यांदा खाली उतरला असेल तर दुसऱ्यांदाही उतरू द्या, आणि दोन्ही पावत्यांवर गाडीचा नंबर आणि वेळ आहे ना, ते तिथेच तपासा.