कोड पुसून दिला आहे, सर

एप्रिलमध्ये नागपूरच्या छत्रपती चौकाच्या सिग्नलवर चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला. गाडी उभी असताना थरथरायची आणि एसी लावला की बंदच पडायची. सकाळच्या पहिल्या स्टार्टला दोन-तीन सेकंद डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज यायचा. नऊ वर्षांची पेट्रोल गाडी, म्हटलं प्लग खराब झाले असतील.

सर्व्हिस सेंटरला स्कॅनर लावला, पी-००११ हा बिघाडाचा कोड आला. "कोड पुसून दिला आहे सर, आता काही नाही." चौथ्या दिवशी दिवा परत. पुन्हा पुसला. तिसऱ्या खेपेला ॲडव्हायझरने चेहरा गंभीर करून सांगितलं, फेजर (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ पुढे-मागे करणारा भाग) गेला, सोबत टायमिंग चेनचा सेट बदलावा लागेल, अडतीस हजार. दहा हजार ॲडव्हान्स घेतला, गाडी ठेवून घेतली आणि मग सुरू झालं "उद्या येईल सर". अकरा दिवस! बाहेर ४४ अंश, मी धंतोलीहून ऑटोने जायचो आणि त्यांच्या सोफ्यावर बसून पाणी पिऊन परत यायचो. एकदा विचारलं, फेजर गेला हे कशावरून ठरवलं? उघडून पाहिलं का? तर म्हणे, "सिस्टीम दाखवते ना सर."

सिस्टीम असं काही दाखवतच नाही, हे त्याच सोफ्यावर मोबाईलवर वाचून कळलं. पी-००११ चा अर्थ एवढाच, की इनटेक कॅमशाफ्ट, म्हणजे हवा आत घेणारे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, इंजिनाच्या कॉम्प्युटरने सांगितलेल्या वेळेच्या पुढे आहे. का पुढे आहे, हे कोडला ठाऊक नसतं. कॅमच्या टोकाला बसवलेला फेजर ऑइलच्या दाबावर फिरतो. कोणत्या बाजूला किती ऑइल सोडायचं ते ऑइल कंट्रोल व्हॉल्व्ह ठरवतो. म्हणजे ऑइल कमी, ऑइल चुकीचं, व्हॉल्व्ह अडकलेला, चेन ढिली, यातलं काहीही झालं तरी कोड तोच येऊ शकतो. यातली सगळ्यात महागडी शक्यता त्यांनी सगळ्यात आधी धरली. ऑइल मोजायची डिपस्टिक मात्र कोणी काढली नव्हती. हे मी आज लिहितानाही दात-ओठ खातोय.

(क्रँक आणि कॅमचा मेळ बसत नसल्याचा कोड, पी-००१६, सुद्धा सोबत आला असेल, तर चेनची काळजी खरी. तेव्हा गाडी चालवू नका.)

बाराव्या दिवशी तपासणीचे पैसे भरून गाडी उचलली आणि गणेशपेठेतल्या एका मिस्त्रीकडे नेली. त्यांचा पहिलाच प्रश्न, "ऑइल कोणतं टाकलं?"

मी ऐटीत सांगितलं, २०डब्ल्यू-५०. नागपूरचा उन्हाळा, जाडच पाहिजे.

"इंजिनाले ऊन लागते काय भाऊ?"

आता कबूल करतो. जाड ऑइलचा हट्ट माझाच होता, बाहेरून बदलून घेतलं होतं. थर्मोस्टॅट कूलंटला नव्वद अंशांच्या आसपास ठेवतो, जानेवारी असो की मे. मॅन्युअलमध्ये स्पष्ट ५डब्ल्यू-३०, म्हणजे पातळ ऑइल, लिहिलेलं. थंड इंजिनात जाड ऑइल फेजरच्या बारीक वाटांतून लवकर पोचत नाही. वर दहा हजार किलोमीटरला बदलायचं ऑइल मी सोळा हजारांपर्यंत खेचलं होतं.

व्हॉल्व्ह एका बोल्टवर असतो. त्यांनी काढून जाळी दाखवली, कढईच्या बुडासारखी काळी. बॅटरीचे १२ व्होल्ट क्षणभर देऊन पाहिलं, आतली दांडी अर्ध्यात जाऊन तिथेच राहिली. ती परत येत नाही म्हणून कॅम पुढेच राहतो. मग आयडलिंगला इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जास्त वेळ एकदम उघडे राहतात, जळालेला वायू आत मिसळतो आणि गाडी थरथरते. माझ्या अकरा दिवसांचं कोडं इतकंच होतं. वायरिंगचा घोळ असता तर पी-००१० आला असता, असंही ते म्हणाले.

नवीन व्हॉल्व्ह, ५डब्ल्यू-३० आणि फिल्टर मिळून पाच हजार दोनशे. जुना धुऊन चालला असता, पण परत तोच खेळ नको होता. दिवा त्याच संध्याकाळी गेला, एसी लावूनही गाडी शांत. सकाळचा खडखडाट आठवडाभर होता, मग थांबला. थांबला नसता, तर इंजिन बंद असताना फेजरला जागेवर धरणाऱ्या लॉक पिनचा संशय घ्यायचा असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

मिस्त्रींनी हजार किलोमीटरवर ऑइल पुन्हा बदलायला सांगितलं, सुटलेली घाण निघावी म्हणून. ॲडव्हान्सचे दहा हजार रोख मिळाले नाहीत, क्रेडिट नोट मिळाली, तीही त्यांच्याच सेंटरला वापरायची. म्हणून ते ऑइल तिथेच बदललं. सोफ्यावर बसलो नाही. लिफ्टजवळ उभा राहिलो, डब्यावरचा आकडा स्वतः वाचला आणि मगच झाकण उघडू दिलं.