गोठ्याची सरकलेली तुळई जागेवर आणताना

आमचा गोठा चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. जुना, धाब्याचा: सागाच्या तुळया, आडव्या कड्या, त्यावर काटक्यांचा थर आणि वर खारी माती. यंदा आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास मधल्या खांबावरची तुळई तीन बोटं बाहेर सरकलेली दिसली. खांबाच्या डोक्यावरची कूस, म्हणजे खाचेत बसणारा लाकडी खुंटा, तुळईच्या खाचेतून जवळजवळ निसटली होती.

गावातल्या एका गवंड्याने लगेच सांगितलं, पाडा आणि स्लॅब टाका. स्लॅबखाली मे महिन्यात बैलं बांधून बघावीत एकदा! मी शेजारच्या गावच्या म्हाताऱ्या सुतारआप्पांना बोलावलं. त्यांनी तुळईकडे पाहिलंच नाही. आधी खांबाचा बुंधा पहारीने ठोकला, मग शिडी लावून वर गेले.

दुखणं दोन्ही टोकांना होतं. खाली खांबाचा पाय वर्षानुवर्षं गोमूत्रात भिजून कुजला होता, उरलेलं वाळवीने खाल्लं. त्यामुळे खांब खचून कलला. वर मातीचा थर हातभर झाला होता. दर पावसाळ्याआधी गळती थांबावी म्हणून दोन टोपल्या माती टाकायची आपली रीत. काढत मात्र कुणी नाही. ओली माती घनफुटाला पन्नास किलोच्या आसपास भरते. दहा बाय दहाच्या खणावर फूटभर थर धरला, तरी पाच टन होतात.

म्हणून जॅक लावायच्या आधी माती उतरवली. गुरं निंबाखाली, चारा बाहेर. माझ्या मते अर्धी दुरुस्ती इथेच झाली, पण या कामाला कुणी दुरुस्ती म्हणत नाही.

मग खांबाच्या दोन्ही अंगांना दोन ट्रकचे जॅक. जमीन शेणामातीची, त्यामुळे खाली जाड फळ्या आडव्या टाकल्या, नाहीतर तुळई वर जाण्याऐवजी जॅकच खाली रुततो. शेजारी बल्ल्यांचे टेकू. तुळई जरा उचलली की टेकूखाली पाचर ठोकायची, मग थांबायचं. तेलाच्या जॅकचं वायसर कधी दगा देईल सांगता येत नाही. भार पाचरीवर असला म्हणजे माणूस वाचतो. मला घाई झालेली बघून आप्पा म्हणाले, "दम धरा दादा, लाकूडले येऊ द्या." करकर आवाज थांबेपर्यंत ते दांड्याला हात लावू देत नव्हते.

आडवं सरकवणं जास्त अवघड. भार जॅकवर असताना तुळई ओढली तर जॅकच आडवा होतो. आप्पांनी जॅकच्या डोक्यावर दोन लोखंडी पट्ट्या ठेवल्या, मध्ये ग्रीस. गोठ्याची ती बाजू उघडी असल्याने चेनपुली बाहेरच्या निंबाला बांधली आणि कडी-कडीने ओढली. वर पट्टी घसरली, जॅक उभाच राहिला. ओळंबा सोडून बघितलं, तेव्हा कुठे आप्पांनी तंबाखू मळायला घेतली.

खांबाला खालून नवा तुकडा जोडायचा की दगड उंच करायचा, यावर थोडी वादावादी झाली. मी तुकड्याच्या बाजूचा होतो. आप्पांचं म्हणणं, जोडलेलं लाकूड पुन्हा त्याच मुतात उभं राहणार. मग कुजका भाग चांगलं लाकूड लागेपर्यंत कापला आणि तेवढा उंच घडीव दगड खाली बसवला. कापलेल्या तोंडाला आणि दगडाभोवतीच्या मातीत वाळवीचं औषध दिलं. खाचेत नवी कूस लागली, ती जुन्या लाकडाच्या वखारीतून आणलेल्या सागाची. ताजं लाकूड वाळताना आकसतं आणि सांधा ढिला होतो. दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या आणि नटबोल्ट. जॅक उतरवतानाही तीच चाल: थोडं खाली, थांब, बघ.

वर निम्मीच माती टाकली, पाणी पन्हाळीकडे जाईल असा उतार देऊन. पोळ्याच्या आधी नटबोल्ट पुन्हा आवळले, थोडे सुटले होतेच. शेजारच्या खणावरची माती मात्र अजून तशीच आहे. तो खण चुलतभावाच्या वाट्याचा, आणि त्याने यंदाही वर दोन टोपल्या टाकल्या.