बेळगावहून बेल्जियमला: भाषेची सीमारेषा बघायला

बेल्जियममध्ये एक ट्रेन आहे, समुद्राकाठच्या ऑस्टेंडहून सुटते आणि ब्रुज, घेंट, ब्रसेल्स, लूव्हेन, लिएज करत करत जर्मनीच्या हद्दीजवळ ऑयपेनला जाऊन संपते. तीन-साडेतीन तासांत अख्खा देश पार. टूरिस्ट लोक तिच्यात बसतात ते ब्रुजचे कालवे बघायला, मी बसले ती गार्डची अनाउन्समेंट ऐकायला. ऑस्टेंडपासून घेंटपर्यंत फक्त डच. ब्रसेल्स जवळ आलं की डच आणि फ्रेंच दोन्ही. ब्रसेल्स मागं पडलं की फ्रेंच गायब, परत नुसतं डच. मग लिएजच्या अलीकडे शेतातून कुठंतरी ती डच-फ्रेंच भाषेची रेघ जाते, बाहेर बघून काहीच कळत नाही, तीच शेतं तीच गुरं, पण डब्यातल्या स्क्रीनवर मघापासून ‘लुइक’ (लिएजचं डच नाव) दिसत होतं तिथं ‘लिएज’ यायला लागतं आणि गार्ड फ्रेंच बोलायला लागतो. शेवटच्या टप्प्यात जर्मन. गाडी ज्या जमिनीवर आहे त्या जमिनीची भाषा बोलायची, असा नियमच आहे.

२०२४ मध्ये एका गार्डनं ब्रसेल्सच्या जरा बाहेर, व्हिल्व्होर्डजवळ, प्रवाशांना डचमध्ये आणि वर फ्रेंचमध्येही गुड मॉर्निंग केलं. व्हिल्व्होर्ड डच हद्दीत येतं. एका प्रवाशानं सरकारच्या भाषा आयोगाकडे रीतसर तक्रार केली आणि देशभर त्याची बातमी झाली. दादानं मला हे फोनवर सांगितलं तेव्हा तो हसत होता, मला काही हसू आलं नाही. मी बेळगावची. आमच्या गावात १ नोव्हेंबरला एका रस्त्यावर कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक असते आणि दुसऱ्या रस्त्यावर मराठी लोकांचा काळा दिन, आणि दुकानाच्या पाटीवर कुठली भाषा वर आणि केवढ्या अक्षरात यावरून काय काय होतं ते लहानपणापासून बघितलंय. एका नमस्कारावरून माणूस चिडतो तेव्हा त्याच्या मागे काय काय साठलेलं असतं ते मला कळतं.

तर दादा (मामेभाऊ) नोकरीनिमित्त तिथंच व्हिल्व्होर्डला राहतो, त्यामुळे राहायची सोय होती. त्याच्या ऑफिसात घेंटचा माणूस आणि लिएजचा माणूस शेजारी बसतात आणि एकमेकांशी इंग्रजी बोलतात. भाची डच शाळेत जाते, ट्राममध्ये मैत्रिणीशी फ्रेंच बोलते, आणि मला “आत्ती, कम ना” म्हणून हाक मारते. सीबीएसईच्या दहावीच्या राज्यशास्त्रात पहिलाच धडा बेल्जियमचा आहे, फ्लँडर्समध्ये डचवाले ५९ टक्के, वालोनियात फ्रेंचवाले ४० टक्के, जर्मनवाले १ टक्का, सगळ्यांनी समजुतीनं वाटून घेतलं वगैरे. धड्यात ते फार सरळ वाटतं.

पहिल्यांदा घेंटला उतरले. सुंदर गाव आहे, फोटो सगळ्यांनी टाकलेत म्हणून मी टाकत नाही. मला तिथलं विद्यापीठ बघायचं होतं, कारण भर फ्लँडर्समधल्या या विद्यापीठात डचमधून शिकवायला सुरुवात झाली ती १९३० मध्ये. देश स्वतंत्र झाला १८३० मध्ये. शंभर वर्षं! तेव्हा बहुसंख्य लोक डचच्या बोली बोलायचे, पण राज्यघटना फ्रेंचमध्ये, कोर्ट फ्रेंचमध्ये, लष्करातले साहेब फ्रेंच बोलणारे, आणि फ्लँडर्समधले श्रीमंत स्वतःसुद्धा घरात फ्रेंचच बोलायचे. डच म्हणजे शेतकऱ्याची, मोलकरणीची भाषा. १८६० मध्ये कूके आणि खूतहाल्स नावाच्या दोन फ्लेमिश (म्हणजे फ्लँडर्सच्या डच बोलणाऱ्या) मजुरांना खुनाच्या आरोपावरून शार्लेरुआला गिलोटिनवर चढवलं, खटला सगळा फ्रेंचमध्ये चालला. ते दोषी होते की नव्हते यावर अजून वाद घालतात, पण न कळणाऱ्या भाषेत माणसाला मरणाची शिक्षा सांगितली ही गोष्ट फ्लँडर्सच्या मनात रुतून बसली. १८७३ मध्ये फौजदारी कोर्टात डचला जागा मिळाली, १८९८ मध्ये कायदे दोन्ही भाषांत समान दर्जाचे झाले, आणि राज्यघटनेची डच प्रत अधिकृत व्हायला १९६७ उजाडलं. हे सगळं वाचून मी फ्लेमिश लोकांच्या बाजूनं झाले होते, पूर्णपणे.

मग ब्रसेल्स. इथल्या रस्त्यांच्या पाट्या दोन्ही भाषांत, मेट्रो स्टेशनांची नावं दोन्ही भाषांत, आणि मारोल नावाच्या जुन्या कष्टकरी वस्तीत पाटीवर तिसरी ओळ असते, ती ब्रसेल्सच्या स्वतःच्या बोलीची. मारोलच्या चौकात रोज जुना बाजार भरतो, पितळी दिवे, कपबश्या, कुणाच्या तरी लग्नातले फोटो, सगळं जमिनीवर चादर टाकून मांडलेलं. तिथं एका म्हाताऱ्या दुकानदाराशी दादा फ्रेंचमध्ये बोलत होता (दादा ही भाषा संध्याकाळच्या क्लासला जाऊन शिकला, डच पण). मी पाटीवरच्या तिसऱ्या ओळीबद्दल विचारलं. तो म्हणाला, माझी आजी हेच बोलायची, आईला दोन्ही यायचं, मला फ्रेंच येतं, आणि या बोलीतल्या शिव्या येतात.

अख्खं शहर असंच फिरलंय बघा. ब्रसेल्स मुळात डच बोलीचं गाव, भोवती सगळी डच खेडी. पण राजधानी झाली, हापिसं फ्रेंच, बढती फ्रेंच बोलणाऱ्याला, मग खेड्यातून आलेल्या बाईनं ठरवलं की आपल्याला झालं ते पोरांना नको आणि मुलांशी मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये बोलायला लागली. कुणी बंदूक घेऊन आलं नव्हतं. तीन पिढ्यांत घर बदललं, आणि अशी लाखो घरं. आज शहराची मुख्य भाषा फ्रेंच आहे. त्या बाईला मी नावं ठेवू शकत नाही. आमच्या बेळगावात शहापूरपासून टिळकवाडीपर्यंत इंग्रजी माध्यमाच्या शाळेबाहेर ॲडमिशनच्या रांगेत उभे असलेले आईबाप तेच करतायत, आणि कन्नडवाले आईबाप पण त्याच रांगेत असतात.

आता या सगळ्याचा सगळ्यात अवघड भाग, ज्यासाठी खरं तर मी गेले होते. ब्रसेल्सहून दक्षिणेला लोकल जाते, तिनं बहुतेक लोक वॉटर्लूला जातात, नेपोलियन हरला ते मैदान बघायला. आम्ही त्याच्या अलीकडे उतरलो. गावाचं नाव डचमध्ये सिंट-खेनेसिउस-रोडे, फ्रेंचमध्ये रोड-सँ-जनेझ. स्टेशनबाहेर घरं मोठी, झाडं भरपूर, शांत गाव, आणि एका वळणावरच्या पाटीवर खालच्या फ्रेंच नावावर काळा स्प्रे मारलेला. रंग ओघळून खालपर्यंत आलेला आणि वाळलेला, म्हणजे बरेच दिवस कुणी पुसला नव्हता. मी पाच मिनिटं तिथंच उभी राहिले. दादा म्हणाला, “काय बघतीस गं एवढं?” म्हणलं, अरे हे मी बघितलंय की. गाव वेगळं होतं, अक्षरं वेगळी होती, काळा रंग हाच.

हे गाव कायद्यानं फ्लँडर्समध्ये आहे आणि राहणारे बहुसंख्य फ्रेंच बोलतात. ते कसं झालं, तर पूर्वी दर जनगणनेत भाषा विचारायचे आणि १९३२ च्या कायद्यानं आकड्यांवर गावाची भाषा ठरायची. अल्पसंख्य ३० टक्के झाले की दोन्ही भाषांत कारभार, निम्म्याच्या वर गेले की गावाची भाषाच बदलणार. त्यामुळे जनगणना म्हणजे निवडणूकच झाली. १९४७ च्या मोजणीचे आकडे इतके स्फोटक निघाले की ते १९५४ पर्यंत जाहीरच केले नाहीत, आणि जाहीर झाल्यावर ब्रसेल्सच्या कडेची तीन गावं डचकडून जाऊन ब्रसेल्सला जोडली गेली. पुढच्या खेपेला अनेक फ्लेमिश महापौरांनी भाषेचे फॉर्म वाटायलाच नकार दिला. शेवटी भाषेचा प्रश्न जनगणनेतून काढूनच टाकला, आजपर्यंत परत विचारलेला नाही, आणि १९६२-६३ मध्ये कायद्यानं नकाशावर पक्की रेघ मारली. यापुढे माणसं कुठंही जावोत, जमिनीची भाषा बदलणार नाही. आमच्याकडं १९५१ च्या जनगणनेतले मराठी-कन्नडचे आकडे तोंडपाठ असलेले आजोबा अजून गल्लोगल्ली आहेत, त्यांना हे सांगितलं तर ते काय म्हणतील याचाच विचार करत होते मी.

रेघ मारताना ब्रसेल्सच्या भोवतीच्या रोडे धरून सहा गावांतल्या फ्रेंच लोकांना सवलती दिल्या, सरकारी कागद त्यांच्या भाषेत मिळतील म्हणून. फ्लेमिश सरकारचं म्हणणं, सवलत तात्पुरती आहे, हळूहळू डच शिका. फ्रेंचवाल्यांचं म्हणणं, हा आमचा कायमचा हक्क. १९९७ मध्ये फ्लेमिश सरकारनं फतवा काढला की फ्रेंच कागद हवा असेल तर प्रत्येक वेळी, प्रत्येक कागदासाठी, नव्यानं अर्ज करायचा. यातल्या तीन गावांत निवडून आलेल्या महापौरांची नेमणूक वर्षानुवर्षं अडवून ठेवली, कारण त्यांनी निवडणुकीची पत्रं थेट फ्रेंचमध्ये पाठवली होती.

घेंटला मी ज्यांच्या बाजूनं होते तेच इथं समोर उभे होते. ज्यांच्या भाषेला शंभर वर्षं विद्यापीठात जागा नव्हती त्यांनीच शेजाऱ्याला दर कागदासाठी हात पसरायला लावलंय, आणि मला त्या शेजाऱ्याचं दुःख फ्लेमिश माणसाच्या दुःखापेक्षा जास्त ओळखीचं वाटलं, कारण आम्ही घरी तेच भोगतो. पण फ्लेमिश लोकांची भीती खोटी म्हणायची तर बाजूला ब्रसेल्स दिसतंय, तिथं नुसतं राहायला आलेल्या आणि भाषा बदललेल्या माणसांनी शहर गेलं. रोडे गेलं तर ब्रसेल्स थेट वालोनियाला जोडलं जातं, मध्ये इतकीच चिंचोळी पट्टी आहे. मला दोन्ही पटतं आणि तरी तो काळा स्प्रे मला सहन होत नाही.

लूव्हेनला मात्र एकटीच गेले. १४२५ चं विद्यापीठ, त्याची लायब्ररी १९१४ मध्ये जर्मन सैन्यानं जाळली, जगभरच्या, त्यातही अमेरिकेच्या, देणग्यांतून परत उभी राहिली, १९४० मध्ये परत जळली, परत बांधली. टॉवरवर चढता येतं, वरून चौक छान दिसतो. आणि दोन आगींतून सावरलेल्या त्या लायब्ररीची तिसऱ्यांदा वाट लागली ती भाषेमुळे. विद्यापीठात फ्रेंच आणि डच दोन्ही विभाग होते, गाव डच हद्दीत, आणि फ्लेमिश मुलांना भीती की लूव्हेनचंही ब्रसेल्स होणार. ‘वालून लोकांनो (म्हणजे वालोनियाच्या फ्रेंचवाल्यांनो) चालते व्हा’ अशा घोषणा देत मोर्चे निघाले, १९६८ च्या फेब्रुवारीत त्यावरून सरकार पडलं आणि विद्यापीठ दोन झालं. फ्रेंच विभागासाठी रेघेपलीकडे बिटाच्या शेतात नवं गाव वसवलं, लुव्हँ-ला-नव्ह. पुस्तकं कशी वाटायची, तर शेल्फ नंबर विषम असलेली इथं राहतील, सम तिकडे जातील. वाचनकक्षात लांब लाकडी टेबलं आहेत, हिरवट दिवे आहेत, पोरं लॅपटॉप उघडून अभ्यास करत बसलीयत, आणि मी त्या कपाटांकडे बघत विचार करत होते की पहिला खंड इथं आणि दुसरा तिकडे, ही कल्पना ज्या मिटिंगमध्ये मान्य झाली तिथं बसलेली सगळी माणसं पुस्तकं वाचणारीच होती ना. घोषणा देणाऱ्या पोरांचा राग मला समजतो. ही वाटणी आजही समजत नाही.

लिएजमध्ये फार थांबले नाही, पण एक गोष्ट राहून जायला नको. वालोनियाची स्वतःची भाषा फ्रेंच नव्हती, वालून होती, पिकार्ड होती. शाळेत पोरांना त्या बोलल्या म्हणून शिक्षा व्हायच्या. डचसाठी निदान मोर्चे निघाले. वालून मात्र आपल्याच माणसांनी फ्रेंचपायी सोडली, आणि आता लिएजला ती ऐकायची तर कठपुतळीच्या खेळात जावं लागतं, तिथला तो मोठ्या नाकाचा चांचेस अजून तीत बोलतो.

आणि ऑयपेन, जिथं ट्रेन संपते. हा भाग पहिल्या महायुद्धानंतर १९२० मध्ये जर्मनीकडून बेल्जियमला आला, १९४० मध्ये हिटलरनं परत नेला, युद्ध संपल्यावर पुन्हा बेल्जियम. तिथं जर्मन बोलणारे साधारण ऐंशी हजार लोक, म्हणजे आमचं एखादं तालुक्याचं गाव, आणि त्यांची स्वतःची २५ सदस्यांची संसद, स्वतःचं शिक्षण खातं. आणि तिथल्या फ्रेंच बोलणाऱ्यांनाही कायद्यानं सवलती आहेत. मी बेकरीत इंग्रजीत विचारलं, बाईनं जर्मनमध्ये उत्तर दिलं, मागच्या गिऱ्हाइकाशी फ्रेंच बोलली, पैसे घेतले, झालं. यांच्यासाठी कुणी मोर्चा काढला नव्हता, दोन मोठ्यांचं भांडण मिटवताना यांना मिळून गेलं, तरी मिळालं.

आपल्याकडेही १९५६ पासून ठरलेलं आहे की एखाद्या भागात भाषिक अल्पसंख्य १५ टक्के किंवा जास्त असले तर महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्यायच्या. बेळगाव-सीमाभागावरचा महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, तो लागेल तेव्हा लागेल. तोपर्यंत हा १५ टक्क्यांचा नियम सीमाभागात मराठीला आणि सोलापूर, अक्कलकोट, जतकडे कन्नडला, दोन्हीकडे नीट पाळा, एवढं मागायला तर कुठल्या कोर्टाची गरज नाही. अक्कलकोटची कन्नड शाळा आणि बेळगावची मराठी शाळा दोन्हींसाठी एकाच अर्जावर सह्या गोळा करायच्या म्हणतेय, दोन्हीकडचे कुणी वाचत असाल तर कमेंटमध्ये लिहा.