आधी रविवार बघा, मग पंचांग

आपल्याकडे सण जवळ आला की बाजार फुलतो. तुळशीबागेत पाय ठेवायला जागा नसते आणि ऐनवेळी संपलेला रवा कोपऱ्यावरच्या दुकानात रात्री दहालाही मिळतो. जर्मनीत सुट्टी म्हटली की बाजारच दार लावून घेतो. रविवार विश्रांतीचा, हे तिथल्या राज्यघटनेतच आहे, आणि तेही १९१९च्या वायमार घटनेतून जसंच्या तसं उचललेलं. म्युनिक ज्या राज्यात आहे त्या बव्हेरियात तर इतर दिवशीही बहुतेक दुकानं रात्री आठला बंद. म्हणून म्युनिकमधल्या मराठी घरात दिवाळीची पहिली तयारी म्हणजे मधला रविवार कुठे येतो ते पाहणं.

२०२५ची दिवाळी याचा उत्तम नमुना. महाराष्ट्रातल्या बहुतेक कॅलेंडरांनी बराच शास्त्रार्थ करून लक्ष्मीपूजन मंगळवारी, २१ ऑक्टोबरला दिलं. पण घड्याळ भारतापेक्षा साडेतीन तास मागे असलेल्या म्युनिकमध्ये अमावास्या सोमवारी दुपारी सव्वाबाराच्या सुमारास लागली आणि मंगळवारी अडीचच्या आत संपलीही. सूर्य मावळतो सहानंतर. म्हणजे प्रदोषकाळी, सूर्यास्तानंतरच्या वेळी, अमावास्या हवी असेल, तर सोमवारच. पुण्याच्या वेळा बघून फोनवर ‘आज की उद्या?’ असा घोळ घालण्यापेक्षा पंचांगाच्या ॲपमध्ये शहर बदलून घ्यावं, दोन मिनिटांचं काम आहे. नरक चतुर्दशीही त्याच सोमवारी. पण तिथं त्या सुमारास सूर्य साडेसातनंतर उगवतो, त्यामुळे साडेसहाला उठूनही अभ्यंगस्नान सूर्योदयापूर्वीच होतं. आळशी माणसाला याहून सोयीची दिवाळी मिळणार नाही. फक्त तेल लावून बाथटबमध्ये उभं राहू नये, पाय सरकतो. रबरी चटई हवीच.

पूजा सोमवारी, त्याआधी रविवार बंद, म्हणजे सगळं सामान शनिवारी आठच्या आत घरात हवं. तूप ‘बुटरश्माल्त्स’ या नावानं कुठल्याही सुपरमार्केटात मिळतं, पण ते कढवलेलं नसतं, नुसतं वितळवून स्वच्छ केलेलं असतं, म्हणून घरच्या तुपाचा वास येत नाही. त्यापेक्षा लोणी आणून कढवावं. वेष्टनावर ‘झाउअररामबुटर’ लिहिलेलं घ्यावं, कारण ते विरजलेल्या सायीचं असतं आणि आपल्या लोण्याच्या जवळ जातं. २५० ग्रॅमच्या लादीचं साधारण २०० ग्रॅम तूप पडतं. मीठ घातलेलं चुकूनही आणू नये.

बेसनाचं दुखणं वेगळं. जर्मन दुकानातलं चण्याचं पीठ बहुधा काबुली चण्याचं आणि अगदी बारीक असतं. त्याचे लाडू टाळूला चिकटतात. भारतीय दुकानातलं जाडसर बेसन मिळालं तर प्रश्नच नाही. नसेल तर दोन वाट्या पिठाला तीन चमचे रवा वेगळा तुपात भाजून मिसळावा. करंजीला ‘टाइप ४०५’चं पीठ मैद्यासारखं चालतं. भाजणी मात्र घरूनच यायला हवी, तिला तिथं पर्याय नाही.

चकली तळताना खरी परीक्षा शेगडीची. काचेच्या इलेक्ट्रिक शेगडीवर आच कमी केली तरी काच बराच वेळ तापलेलीच राहते आणि तेल करपायला लागतं. अशा वेळी बटणाशी झटापट न करता कढई अलगद अर्धी बाजूला सरकवावी, तीही सपाट बुडाची असेल तरच. उलट एकदम सहा-सात चकल्या सोडल्या की तेल निवतं, ते परत तापायला वेळ लागतो आणि तोवर चकली तेलात विरघळते. तीन-चारच्यावर जाऊ नये. स्वयंपाकघराबाहेरच्या बोळात छतावर धुराचा गजर असतो, कारण घरात तो बसवणं कायद्यानं सक्तीचं आहे. म्हणून दार बंद, खिडकी सताड उघडी आणि चिमणी सुरू. धूर जिन्यात सोडलात तर शेजारी अग्निशमन दलाला बोलावतील, आणि त्यात त्यांची चूक नसेल. उरलेलं तेल गार झाल्यावर बाटलीत भरून, झाकण लावून काळ्या कचराकुंडीत टाकायचं. सिंकमध्ये ओतलं की नळी तुंबते आणि प्लंबरचं बिल दिवाळीच्या खर्चात धरावं लागतं.

फटाक्यांचं म्हणाल, तर मोठे फटाके फक्त वर्षाच्या शेवटच्या तीन कामाच्या दिवसांत विकले जातात आणि उडवायचे ते ३१ डिसेंबर व १ जानेवारीला. फुलबाज्या मात्र बाराही महिने चालतात. रांगोळी जिन्यात नको, ती वाट मोकळी ठेवावी लागते. ताटात काढलेली रांगोळी उचलून हवी तिथं ठेवता येते, हा तिचा फायदाच.

मंडळाचा कार्यक्रम शनिवार-रविवारीच होणार. पण २०२५मध्ये १ नोव्हेंबर शनिवारी होता, आणि तो बव्हेरियातला सर्व संतांचा दिवस, ख्रिस्ती सुट्टीचा. दुकानं बंद असतातच, शिवाय हा कायद्यानं ‘शांत दिवस’ असल्यामुळे नाचगाण्याचे जाहीर कार्यक्रमही चालत नाहीत. सभागृहाचं आरक्षण करायच्या आधी ही तारीख बघावी, नाहीतर ढोल-लेझीम कागदावरच राहतं. मग २५ ऑक्टोबर किंवा थेट ८ नोव्हेंबर. दुसरी तारीख पदरात पडली, तर फराळाचा डबा तोवर मऊ पडलेला असतो. चकल्या ओव्हनमध्ये १२० अंशांवर दहा मिनिटं ठेवल्या की पुन्हा खुसखुशीत होतात, फक्त पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नयेत. चिवड्याला पाच मिनिटं पुरतात, पण त्यातले बेदाणे आधी वेचून काढावेत, ते चटकन करपतात.