तुम्ही विचारलंत म्हणून: मधे मी काय करते

विचारणारे बदलतात, प्रश्न तोच. कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांसाठी संगणकावरचे प्रशिक्षणाचे कोर्स आम्ही बनवतो. विषय कंपनीतल्या जाणकाराला येतो, चित्रं ग्राफिकवाला काढतो, स्टोरीलाइन नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोर्स डेव्हलपर बांधतो, आवाज व्हॉइसओव्हरवाल्याचा. मग इन्स्ट्रक्शनल डिझायनर, म्हणजे कोर्सची आखणी करणारी मी, मधे काय करते? एचआरवाले हे अदबीने विचारतात, खरेदी विभागवाले बिलावर बोट ठेवून. एआय आल्यापासून तर सगळेच काळजीच्या सुरात विचारतात. काळजी माझी नसते, पैसे किती वाचतील याची असते.

एरवी "कोर्स लिहिते" म्हणून मी सुटका करून घेते. आज नीट सांगते.

माझं निम्मं काम कापण्याचं आहे. एका बँकेने परदेशी पैसे पाठवण्याच्या नियमांवर दीडशेच्या आसपास स्लाइड दिल्या, परकीय चलनाच्या १९९९च्या फेमा कायद्यापासून सुरुवात करून. मी विचारलं, काउंटरवरचा माणूस चुकतो कुठे? बराच वेळ नियमच ऐकवून झाल्यावर कुणीतरी म्हणालं, परदेशी पैसे पाठवण्याच्या ए-टू फॉर्मवरचा पर्पज कोड, म्हणजे पैसे कशासाठी चाललेत त्याचा कोड, चुकतो, म्हणून फॉर्म परत येतात. मग कोर्स झाला तो कोड निवडण्याच्या सरावाचा, आणि सोबत काउंटरच्या काचेखाली सरकवायचा एक कागद. दीडशे स्लाइड लिहिणारे साहेब दुखावले. "एवढंच?" म्हणाले. हे "एवढंच?" मला नेहमी ऐकावं लागतं. कापलेलं कुणाला दिसत नाही, त्यामुळे त्याचे पैसे का द्यायचे हा प्रश्न मी समजू शकते. पटत नाही, पण समजू शकते.

उरलेलं निम्मं काम म्हणजे "याला कोर्स नकोच" हे सांगणं. त्याला तर गिऱ्हाईकच नाही.

चाकणच्या एका कारखान्याची गोष्ट सांगते. नाव सांगणार नाही. प्रेसशॉपसाठी सुरक्षेचा अर्ध्या तासाचा कोर्स हवा होता, कारण कामगार पॉवर प्रेसवर "निष्काळजीपणा" करतात. पत्रा दाबून आकार देणाऱ्या तिथल्या प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच रॅम, म्हणजे वरचा दाबणारा भाग, खाली येतो. हात बटणांवर असले की ते डायमध्ये, म्हणजे खालच्या साच्यात, नसतात, साधा हिशेब. मी हट्टाने शॉपफ्लोअरवर गेले. आमच्याकडे ही पद्धत नाही, सगळं मीटिंग रूममध्येच उरकतं. बघते तर एका मशीनच्या डाव्या बटणात लाकडाची पाचर ठोकलेली. ऑपरेटर एका हाताने जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, ठेवत होता, दुसऱ्याने बटण दाबत होता. मी काही विचारायच्या आतच त्याने सांगितलं, "मॅडम, हे बटण अडकतं. दोन-तीनदा दाबावं लागतं. तेवढ्यात टार्गेट जातं." पाचर का लावू नये हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. काकाचं बोट गेलेलं त्याने पाहिलं होतं.

मी टिपण लिहिलं. बटणं दुरुस्त करा, पाचर दिसली की मशीन थांबवायचा अधिकार सुपरवायझरला द्या, शिफ्टचं टार्गेट ठरवताना हा वेळ धरा. कोर्स शेवटी, लागलाच तर. आमचा प्रोजेक्ट मॅनेजर म्हणाला, हे आपल्या स्कोपमध्ये येत नाही. कारखान्याने कळवलं, मेन्टेनन्सचा विषय वेगळा आहे, तुम्ही अवेअरनेस करा.

अवेअरनेस केला. चांगला केला, हेही सांगते. शेवटी दहा प्रश्नांची चाचणी होती, त्यात एक प्रश्न दोन्ही बटणं का दाबायची याचा.

काही महिन्यांनी तिथल्या सेफ्टी ऑफिसरचा मेल आला: एका कामगाराचं ट्रेनिंग रेकॉर्ड तातडीने हवंय. कॉन्ट्रॅक्टवरचा मुलगा, उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. स्कॉर्म या कोर्सच्या नोंदी पाठवण्याच्या ठरलेल्या पद्धतीतून एलएमएसला, म्हणजे कोर्स चालवून नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरला, जे कळतं ते सगळं त्या रेकॉर्डमध्ये होतं. कोर्स पूर्ण. गुण ९०. लागलेला वेळ सहा मिनिटं. अर्ध्या तासाच्या कोर्सला सहा मिनिटं, म्हणजे नेक्स्ट, नेक्स्ट, आणि उत्तरं बहुधा शेजारून. मेलमध्ये खाली एक ओळ होती: वेळेचा कॉलम नको, स्टेटस आणि स्कोअर पुरे.

तेव्हाच्या कारखाने अधिनियमात, १९४८च्या, सुरक्षेच्या साधनाशी मुद्दाम छेडछाड करायची नाही, असं कामगाराला बजावणारं कलम १११ होतं. त्याच्या शेजारीच १९८७ साली घातलेलं, प्रशिक्षण हा कामगाराचा हक्क आहे म्हणणारं कलम. दोन्हींच्या मधे आता माझा कोर्स जाऊन बसला होता. प्रशिक्षण दिलं होतं, नव्वद गुण होते, तरी पाचर लावली. म्हणजे चूक कुणाची? कोर्स कामगारासाठी लिहिला असं मला वाटत होतं. तो कामगाराविरुद्धचा पुरावा झाला.

प्रोजेक्ट मॅनेजरने कॉलम काढून रेकॉर्ड पाठवलं. मी माझं जुनं टिपण आणि पूर्ण रेकॉर्ड सेफ्टी ऑफिसरला वेगळ्या मेलने पाठवलं. उत्तर आलं, "नोटेड."

इथे कॉलेजातली शिकवणी सोडून या धंद्यात आलेली मी माझ्याशीच भांडते. ती आतली शिक्षिका म्हणते, "हा प्रशिक्षणाचा प्रश्न नाही" हे वाक्य तुला फार सोयीचं झालंय, ते म्हटलं की हात मोकळे. मग नकार द्यायचा होतास. मी म्हणते, नकार दिला असता तर तोच कोर्स दुसऱ्या कुणी स्वस्तात केला असता, आणि टिपण लिहिलंही नसतं. ती म्हणते, टिपणाने काय झालं? या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. पण डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकन प्राध्यापकाने १९५९मध्येच प्रशिक्षणाचा उपयोग मोजण्याच्या चार पायऱ्या सांगून ठेवल्यात: लोकांना प्रशिक्षण आवडलं का, ते शिकले का, कामावरचं वागणं बदललं का, संस्थेला त्यातून काही मिळालं का. कोर्स मागवणारे तुम्ही सगळे दुसऱ्या पायरीवर मुक्काम ठोकता, कारण तिथपर्यंतचा आकडा एलएमएसमधून आपोआप निघतो. तिसरीसाठी शॉपफ्लोअरवर परत जावं लागतं.

एआय स्टोरीबोर्ड, म्हणजे कोर्सचा एकेका स्लाइडचा मसुदा, लिहितं, माझ्यापेक्षा भरभर लिहितं, खोटं कशाला बोलू. नव्वद गुण पडतील असे प्रश्नही काढेल. पाचर बघायला त्याला चाकणला कोण नेणार? मला तरी कोण नेत होतं म्हणा.

त्या कारखान्याने नंतर रिफ्रेशर, म्हणजे उजळणीचा कोर्स, मागितला. मी अट घातली, आधी सुपरवायझरने मशीन थांबवण्याबद्दल काहीतरी हवं. त्यांना कल्पना फार आवडली. म्हणाले, सुपरवायझरसाठी वेगळं मॉड्यूल करा. त्याचं कोटेशन मीच बनवलं. बटणं मेन्टेनन्सकडे आहेत.